बातम्या बघायला नंबर कशाला?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावात केबलवाल्याची माणसं आली. खांबाखांबांवरून लोंबणारी जुनी काळी वायर त्यांनी उतरवली, काचेच्या तंतूची नवी बारीक वायर ओढली, टीव्हीखाली एक छोटा डबा ठेवला आणि म्हणाली, “चाची, आता टीव्ही नेटवर चालणार. चित्र एकदम क्लिअर.” चित्र खरंच क्लिअर होतं. संध्याकाळी अम्मी नेहमीसारखी सह्याद्रीच्या बातम्या लावायला बसली. पडद्यावर बातम्या आल्या नाहीत, एक चौकट आली. मोबाइल नंबर टाका. टाकला. आता ओटीपी टाका. अम्मीचा फोन माडीवर चार्जिंगला होता. तो शोधून आणेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. तो आला तेव्हा बातम्यांची वेळ उलटून गेली होती.

अम्मी चिडली नाही. तिने मला एवढंच विचारलं, “अरे, बातम्या बघायला नंबर कशाला? रेडिओ कधी आपलं नाव विचारतो काय?”

मी मुंबईत रोज दहा तास कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. तरी तिच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आलं नाही. “आता असंच असतं” म्हणून मी वेळ मारून नेली. पुढचे काही महिने तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. मी वाचत गेलो, दोन-तीन जाणकारांना विचारलं. आता वाटतं, उत्तर चुकीचं होतं. “असंच असतं” असं काही नाही. ते तसं केलं गेलं आहे. आणि ते गुपचूप मान्य करण्यात आपलं, विशेषतः गरिबांचं, खेड्यातल्यांचं आणि आपल्यासारख्या संशयाच्या नजरेखाली जगणाऱ्या समाजाचं नुकसान आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

अजान आणि दावत

आधी हे चालतं कसं ते समजून घेऊ. मशिदीतून अजान होते. मुअज्जिन एकदाच पुकारतो. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, त्याचा घसा तेवढाच दुखतो. कोणी ऐकलं, कोणी उशीत तोंड खुपसून झोपून राहिलं, याची वही त्याच्याकडे नसते. (भोंग्यांचा वाद इथे काढू नका, मुद्दा वेगळा आहे.) जुना टीव्ही असाच होता. मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून एकदा सोडला की ज्याच्याकडे अँटेना त्याचा. बघणारे वाढले म्हणून उपग्रहावरचा भार तसूभरही वाढत नाही.

आता लग्नाची दावत घ्या. आमच्याकडे अजूनही माणूस घरोघर जाऊन दावत देतो. शंभर घरं तर शंभर उंबरे. हातात यादी असते, कोणाला सांगितलं त्यापुढे खूण होते. यादीत नाव नसेल त्याला दावत नाही. इंटरनेटवरचा टीव्ही आज बहुतांशी या पद्धतीने येतो. तुम्ही ॲप उघडून चॅनलवर बोट ठेवलं की तुमच्यासाठी वेगळी प्रत निघते. शेजाऱ्याने तोच सामना लावला तर त्याच्यासाठी दुसरी. मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना एकच चित्र चालू असतं, पण ते दोनदा पाठवलेलं असतं.

ही प्रतही सलग येत नाही. थेट चालू असलेल्या कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवतात. एक अगदी स्वच्छ, एक मध्यम, एक धूसर. तुमचं यंत्र एकेक तुकडा मागत जातं. नेट जोरात असेल तर स्वच्छ तुकडा, रेंज पडली की धूसर. कोकणातल्या वळणांवर एसटीत बसून सामना बघणाऱ्याला चेंडू मध्येच चौकोनी का दिसतो, ते यामुळे. पुढचे दोन-चार तुकडे हाताशी साठवून ठेवावे लागतात, म्हणून चित्र उशिराही पोहोचतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाचा अंतिम सामना मी मोबाइलवर बघत होतो आणि शेजारी डिशवर. ट्रॅव्हिस हेडचा प्रत्येक चौकार मला आधी शेजाऱ्याच्या सुस्काऱ्यातून कळायचा, मग पडद्यावर दिसायचा.

त्या सामन्याच्या वेळी डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक असल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. देशाने टाळ्या वाजवल्या. आकडा मोठाच आहे, आणि तो पेलणाऱ्या इंजिनिअरांचं कौतुक मीही करतो. पण जरा हिशेब मांडा. माणशी सरासरी दोन मेगाबिट धरले तरी सेकंदाला ११८ टेराबिट झाले. एक सामना, एक चेंडू, एक चित्र, आणि त्याच्या जवळपास सहा कोटी प्रती. तोच सामना उपग्रहावरून एकदाच खाली येत होता.

तालुक्याची दुकानं

एवढ्या प्रती मुंबईच्या एका खोलीतून निघू शकत नाहीत. म्हणून मध्ये साठे असतात. ईदच्या आधी शेवया कारखान्यातून थेट तुमच्या घरी येत नाहीत, तालुक्याच्या दुकानात येऊन पडतात आणि तुम्ही तिथून उचलता. तसंच हे. ॲकमायसारख्या कंपन्या १९९८ पासून हाच धंदा करतात. नेटफ्लिक्सने २०१२ पासून स्वतःच्या पेट्या थेट इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रात बसवायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्यांना या पेट्या मोफत मिळतात. पण पेटी मिळायला ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त वाहतूक लागते. तालुक्यातल्या छोट्या केबलवाल्याच्या दारात ती येत नाही. त्याला तो माल लांबून, मोठ्याकडून विकत घेऊन आणावा लागतो.

म्हणजे ज्याच्याकडे साठे, त्याचं चित्र स्वच्छ. ज्याच्याकडे नाहीत, त्याचं चाक फिरत राहतं. कोणी कोणाचा आवाज बंद केलेला नसतो. फक्त एकाचं चॅनल लगेच उघडतं आणि दुसऱ्याचं अडखळतं. अडखळणारं चॅनल माणूस किती वेळ बघेल? एके काळी मनोरा सरकारचा होता आणि आपण सरकारच्या मक्तेदारीला शिव्या देत होतो. आज मक्ता चार-दोन कंपन्यांच्या पेट्यांकडे गेला, तर आपण त्याला प्रगती म्हणतो. आपलं दूरदर्शनसुद्धा आपल्या वाहिन्या यूट्यूबवर चालवतं. जनतेच्या पैशाने बनलेली मराठी बातमी, परक्या खासगी कंपनीच्या गोदामातून, तिच्या जाहिरातींच्या आणि तिच्या नियमांच्या संगतीने अम्मीपर्यंत येते.

तिसरा मार्ग होता

“पण इंटरनेटवर दुसरं करणार काय? ते असंच बनलंय,” असं मला सांगणारे भेटले. हे खरं नाही. अजान आणि दावत यांच्या मधली एक पद्धत आहे. निरोप्या मोहल्ल्याच्या नाक्यापर्यंत एकदाच येतो. गल्लीत ज्यांनी “आम्हालाही सांग” म्हटलंय, त्यांच्याकडे नाक्यावरून फाटे फुटतात. वरच्या रस्त्यावर एका चॅनलची एकच प्रत धावते. स्टीव्ह डीअरिंग या संशोधकाने याची नियमावली १९८९ मध्ये लिहिली. तिला मल्टिकास्ट म्हणतात. १९९२ मध्ये विद्यापीठं आणि प्रयोगशाळांना जोडून तसं जाळं चालवूनही दाखवलं गेलं. म्हणजे ही युक्ती नेटफ्लिक्सच्या जन्माआधीची.

ती मेलेली नाही. कंपन्या ती वापरतात, पण स्वतःच्या कुंपणाच्या आत. खरं आयपीटीव्ही म्हणतात ते हेच. एकाच कंपनीची वायर, तिचाच डबा, तिचंच बंद जाळं, आणि त्यात चॅनलची एक प्रत नाक्यापर्यंत. आपल्याकडे एमटीएनएलने २००६ च्या सुमारास मुंबई-दिल्लीत हा प्रयोग केला. केंद्राने २००८ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं आणली. २०२४ मध्ये बीएसएनएलने फायबरवरून अशी सेवा जाहीर केली आणि सांगितलं की टीव्ही बघताना ग्राहकाचा इंटरनेट डेटा खर्च होणार नाही. हे त्यांनी मेहरबानी म्हणून केलेलं नाही. त्या जाळ्यात तो टीव्ही इंटरनेटवर जातच नाही, मग डेटा खर्च कसा होईल?

(गल्लीत आणि आखातात “आयपीटीव्ही” या शब्दाला वेगळाच अर्थ आहे. कुवेत-दुबईतले आपले भाऊबंद दुकानातून वर्षाची वर्गणी भरून हजारो चॅनलची यादी घेतात, त्याला ते आयपीटीव्ही म्हणतात. तो चोरीचा माल आहे, त्याची वकिली मी करणार नाही. पण घर सोडून लांब गेलेला माणूस चोरीची यादी का घेतो, तेही बघा. रीतसर ॲप तिथे उघडलं तर “तुमच्या देशात उपलब्ध नाही” असं सांगतं. हक्क देशादेशाच्या तुकड्यांत विकलेले असतात.)

मग ही पद्धत खुल्या इंटरनेटवर का आली नाही? कारणं सगळीच बदमाशीची नाहीत. अनेक कंपन्यांच्या जाळ्यांतून एक प्रवाह नेताना कोणी कोणाला किती पैसे द्यायचे, ते ठरत नाही. सुरक्षेच्या अडचणी आहेत. प्रत्येकाच्या नेटचा वेग वेगळा असतो, आणि एकच प्रवाह सगळ्यांना पाठवला तर ज्याच्या त्याच्या वेगाप्रमाणे दर्जा बदलत नाही. हे मी मान्य करतो. पण आणखी एक कारण आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. घरोघर दावत देण्यात यादी मिळते. कोण, कुठून, किती वाजता, किती वेळ, कुठे कंटाळला, कुठे थांबून पुन्हा पाहिलं. एका प्रवाहात ती यादी आपोआप तयार होत नाही. ज्या धंद्याचा अर्धा नफा यादीत आहे, तो यादी नको म्हणेल कसा?

नंबर यासाठी

आता अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. अम्मी, बातम्या बघायला नंबर लागत नाही. नंबर तुला ओळखायला लागतो.

जुन्या टीव्हीत प्रेक्षक मोजण्यासाठी देशभरातल्या काही हजार घरांत, त्यांच्या संमतीने, मीटर बसवावे लागत. बाकीची कोट्यवधी घरं कोणाच्या वहीत नव्हती. आज प्रत्येक घर वहीत आहे. तुम्ही म्हणाल, मालिका बघणाऱ्या म्हातारीची यादी घेऊन कोण काय करणार? कदाचित काही नाही, जाहिरात दाखवेल. पण यादी एकदा तयार झाली की ती कोणाच्या हाती जाईल, हे यादीतल्या माणसाला ठरवता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. मतदार यादीत, रेशनच्या यादीत, भाड्याच्या घराच्या चौकशीत आपलं आडनाव वाचल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे मला तुम्हाला सांगायला नको. यादी निरुपद्रवी असते असं ज्यांना वाटतं, त्यांना कधी यादीत वेगळं काढलेलं नसतं.

“फुकट आहे ना!”

दुसरा युक्तिवाद फुकटाचा. सामना फुकट, बातम्या फुकट, अजून काय पाहिजे? ज्यांना काचेच्या तंतूचं कनेक्शन परवडतं त्यांच्यापुरतं हे बरोबर आहे. मोबाइलवर जगणाऱ्यांचं काय? पाच मेगाबिटच्या स्वच्छ चित्राला तासाला सव्वादोन जीबी लागतात. दिवसाला दीड-दोन जीबीचं रिचार्ज मारणाऱ्याचा दिवस तासाभरात संपतो. धूसर चित्र घेतलं, एक मेगाबिटचं, तरी तासाला जवळपास अर्धा जीबी. मुलीचा क्लास, मुलाचा फॉर्म, आखातातल्या बापाचा व्हिडिओ कॉल, सगळं त्याच दीड जीबीत. टीव्ही फुकट आहे, रस्त्याचा टोल मात्र रोज भरायचा आहे.

या टोलाबद्दल देशाने एकदा चांगली भूमिका घेतली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने नियम केला की कोणती वेबसाइट बघताय त्यावरून डेटाचे दर वेगळे लावता येणार नाहीत. ‘फ्री बेसिक्स’ त्यामुळे थांबलं. मी त्या नियमाच्या बाजूचा आहे. पण त्याच नियमात बंद जाळ्यांना सूट आहे. त्या सुटीखाली कंपनी स्वतःच्या कुंपणात स्वतःचा टीव्ही देऊ शकते. मग हीच सूट सार्वजनिक वाहिन्यांसाठी वापरायला अडचण कोणती? प्रत्येक इंटरनेट कंपनीच्या कुंपणात दूरदर्शनची एक-एक प्रत नाक्यापर्यंत आणा. ना डेटा, ना ओटीपी, ना यादी. तंत्र तयार आहे, नियम आड येत नाही. मागणारं कोणी नाही.

कायद्याचे डोळे छपरावर

कायदे आहेत, पण ते अजून छपरावरच्या डिशकडे बघत बसलेत. १९९५ च्या केबल कायद्याने केबलवाल्यावर दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखवण्याची सक्ती आहे. ॲपवाल्यावर तशी सक्ती नाही. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र प्रसार भारतीला द्यावं लागतं. कायद्याचे शब्द वाचा. केबल किंवा डीटीएचवर सामना दाखवणाऱ्याने ते चित्र दूरदर्शनच्या जमिनीवरच्या आणि डीटीएच जाळ्यासाठी द्यावं, असं तिथे लिहिलंय. इंटरनेटचा तिथे उल्लेख नाही. उद्या एखादा सामना फक्त ॲपवर दाखवायचा कोणी ठरवलं, तर तुमच्या-माझ्या गावातल्या पोरांनी तो कुठे बघायचा?

दरम्यान जुने दरवाजे बंद होत गेले. दूरदर्शनने २०२२ पर्यंत जवळपास सगळे ॲनालॉग मनोरे बंद केले. तंत्र जुनं झालं होतं, हे खरं. पण आमच्या गावात कौलांवरच्या अँटेना त्यानंतर कावळ्यांना बसायच्या कामी आल्या. उरली ती डीडी फ्री डिश. २००४ पासून चालू असलेली, एकदा डबा घेतला की महिन्याची वर्गणी नसलेली. तिथल्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावात विकतात, त्यामुळे दिवसरात्र द्वेष ओकणारे अँकरही त्यावर फुकट येतात. तो राग मलाही आहे. पण राग मजकुराचा आहे. रस्ता चांगला आहे, म्हणून तो जपला पाहिजे.

बंदीचा दिवस

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव झाला, इंटरनेट बंद केलं गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये साताऱ्यात पुसेसावळीच्या हिंसेनंतर पुन्हा तेच. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला तोडलेलं वेगवान मोबाइल इंटरनेट सगळीकडे परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधले कित्येक महिने टूजीचा वेग होता. त्या वेगात व्हिडिओ चालत नाही.

प्रशासन म्हणतं, अफवा थांबवायला नेट बंद करावं लागतं. पण अफवा तोवर पोहोचलेली असते. बंद होतो तो खुलासा. ज्याचा टीव्ही मोबाइलमध्ये आहे, त्याच्या घरात त्या दिवशी काळोख. शेजारी ज्याच्या छपरावर डिश आहे, त्याच्या घरात मात्र दिल्लीतला अँकर ओरडून सांगत असतो की तुमच्या मोहल्ल्यात काय चाललंय. म्हणजे मोहल्ल्याबद्दल सगळा देश ऐकतो, फक्त मोहल्ला ऐकत नाही. जिल्हाधिकारी शांततेचं आवाहन करत असतील, तर तेही त्या घरात पोहोचत नाही. टीव्हीचा रस्ता आणि इंटरनेटचा रस्ता एकच केला, तर एका आदेशात दोन्ही तुटतात. हा धोका सगळ्यांना आहे. आपल्याला तो आधी आणि जास्त आहे.

निसर्गाचा आदेश वेगळाच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याला धडकलं. आमच्या भागात खांब आडवे झाले, वीज आठवडे नव्हती, मोबाइलचे टॉवर गप्प. मुंबईत मी फोन लावून लावून थकलो. गावात काय चाललं होतं ते नंतर कळलं. चाचाकडे बॅटरीवरचा जुना रेडिओ होता. संध्याकाळी ओट्यावर दहा-बारा माणसं जमायची आणि आकाशवाणीच्या बातम्या ऐकायची. त्यात हिंदू-मुसलमान दोन्ही. त्या रेडिओने कोणाकडे नंबर मागितला नाही.

आपली चूक

हे सगळं कंपन्यांवर आणि सरकारवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. आपणही कमी चुकलेलो नाही. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात टीव्ही जायज की नाजायज यावर वर्षानुवर्षं वाद चालले. कोणी टीव्ही घेतला की त्याच्या घरी पाणी प्यायचं की नाही, इथपर्यंत. शेवटी आखाताच्या पैशातून घरोघर रंगीत टीव्ही आले आणि वाद आपोआप मिटला. पण त्या सगळ्या वर्षांत हा डबा कोणाचा, वायर कोणाची, चॅनल निवडण्याचा हक्क कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. आता सुशिक्षित पिढी आली. ती अँकरवर चिडते, स्क्रीनशॉट टाकते, बहिष्काराचं आवाहन करते. चिडणं रास्त आहे. पण तीही फक्त पडद्याकडे बघते. पडद्यामागच्या वायरकडे कोणाचं लक्ष नाही.

आणि जुन्या दूरदर्शनच्या आठवणीत रमायलाही मी तयार नाही. ते सरकारची री ओढायचं. त्यात मुसलमान ईदच्या दिवशी कव्वालीपुरता दिसायचा. १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं, तेव्हा वाडीतली अर्धी माणसं आमच्या पडवीत बसलेली असायची, कारण टीव्ही आमच्याकडे होता. अम्मी सगळ्यांना चहा करायची. ही आठवण गोड आहे, पण तेवढ्यावरून मी ते दिवस परत मागत नाही.

इंटरनेटने आपल्याला आवाज दिला, हेही मला पूर्ण मान्य आहे. कोणत्याही संपादकाची परवानगी न घेता मी हे लिहितोय आणि तुम्ही वाचताय. मालेगावची, नांदेडची, मिरजेची पोरं मोबाइलवर आपली वाहिनी चालवतात, हे वीस वर्षांपूर्वी स्वप्नात नव्हतं. म्हणून माझं भांडण इंटरनेटशी नाही. ज्याला जे हवं ते त्याने मागून घ्यावं, यासाठी इंटरनेटसारखं दुसरं काही नाही. पण काही गोष्टी मागाव्या लागू नयेत. वादळाचा इशारा, निवडणुकीचा निकाल, दंगलीच्या दिवशीची खरी बातमी, आपल्या भाषेतल्या रोजच्या बातम्या. या न मागता, न ओळख दाखवता, सगळ्यांना सारख्या पोहोचायला हव्यात.

म्हणून चार मागण्या मांडतो. पटल्या तर तुमच्या आमदार-खासदारांना विचारा, केबलवाल्यालाही विचारा.

एक, दूरदर्शनच्या वाहिन्या प्रत्येक इंटरनेट कंपनीने आपल्या जाळ्यात डेटा न मोजता आणि नोंदणी न मागता द्याव्यात. जी सक्ती केबलवाल्यावर आहे, ती त्यांच्यावरही हवी.

दोन, २००७ च्या कायद्यात इंटरनेटचा समावेश करा. राष्ट्रीय महत्त्वाचा सामना कोणत्याही रस्त्याने दाखवला, तरी तो दूरदर्शनला मिळालाच पाहिजे.

तीन, फ्री डिश आणि रेडिओ “जुनं झालं” म्हणून बंद करू नका. मोबाइलवर थेट प्रक्षेपण उतरवण्याच्या तंत्राच्या चाचण्या देशात झाल्या, दूरसंचार कंपन्यांनी त्याला विरोध केला. त्या चाचण्यांचं काय झालं, हे लोकांसमोर मांडा.

चार, इंटरनेट बंदीच्या आदेशात सार्वजनिक वाहिन्यांची वाट चालू ठेवण्याची अट घाला. बंद जाळ्यातून ते तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे.

अम्मीचं काय झालं ते सांगतो. पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा म्हसळ्याच्या बाजारातून फ्री डिशची छत्री आणि डबा आणला. पोराला हाताशी घेऊन कौलांवर चढलो, अर्धा तास दिशा जुळवण्यात गेला. अम्मी खालून ओरडत होती, “आलं, आलं! गेलं! थोडं डावीकडे!” शेवटी सह्याद्री लागलं. केबलवाल्याचा डबा मुलं सामन्यांसाठी वापरतात, तोही राहू दे. पाऊस जोरात आला की छत्रीचं चित्र जातं, तेव्हा अम्मी मला फोन करून तक्रार करते. मी म्हणतो, “अम्मी, पाऊस थांबला की येईल.” ती म्हणते, “येऊ दे. निदान ओटीपी तरी मागत नाही.”